गार्डाचं घड्याळ

ही गोष्ट घडलीच नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला एवढंच सांगायचं की बाबा रे, तिला घडायला अजून अवकाश आहे. दोन-चार उन्हाळे थांब.

तर त्या अजून न आलेल्या उन्हाळ्यात जपानच्या किनाऱ्यावरचं एक अणुवीजकेंद्र भूकंपानं उलथलं आणि त्याच्या पोटातलं नको ते वाऱ्यावर नि समुद्रावर गेलं. तिथून सांगली इतकी लांब, की तो वारा इकडं यायला निघाला असता तरी वाटेत थकून कुठंतरी बसला असता. पण भीतीला वारा लागत नाही, तिला फोन पुरतो. दोन दिवसांत सांगलीतलं आयोडीनचं मीठ संपलं. तिसऱ्या दिवशी सुरमईवाल्यानं बर्फासकट गाडा गुंडाळला. विट्याच्या एका मास्तरांनी आपला जपानी कॅल्क्युलेटर विहिरीत टाकला, तर गावानं त्या विहिरीचं पाणी सोडलं. त्या विहिरीतली कासवं अंधारात हिरवी दिसतात, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं विट्याच्या स्टँडवर तुम्हाला पाहिजे तितकी भेटतील.

अशा दिवसांत सांगलीच्या विश्रामबागेतल्या कृष्णातीर सोसायटीच्या फाटकात 'कोतवाल' उभा राहिला.

कोतवाल म्हणजे दोन खांब आणि एक भोंगा. माणसानं खांबांमधून चालत जायचं. किरणोत्सर्ग मोजायची यंत्रं काही नवी नव्हती, पण त्यांच्या पोटातला स्फटिक भट्टीत आठवडेच्या आठवडे वाढवावा लागे, म्हणून ती विमानतळांना आणि बंदरांनाच परवडत. मग पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत युक्ती निघाली. तोच गुण असलेले बारीक कण शाईत कालवायचे आणि लग्नपत्रिका छापाव्यात तसे प्लास्टिकवर छापायचे. किरण पडला की त्या कणांत ठिणगी उडते. आपल्या डोळ्याला ती दिसत नाही, यंत्राला दिसते. ठिणग्या फार झाल्या की भोंगा बोंबलतो. असा स्वस्त पहारेकरी मिळाल्यावर सोसायट्या, शाळा, मंगल कार्यालयं, जिकडंतिकडं कोतवाल उभे राहिले.

कृष्णातीरमध्ये तो आणला चिटणीस अच्युतराव चिवटे यांनी. अच्युतराव वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. तागडीखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोकळ केलेलं वजन, पारड्याला हळूच टेकलेली करंगळी, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. लग्नात उखाणा घेताना 'चंद्रासारखी' हा शब्द मोजून दाखवता येणार नाही म्हणून त्यांनी गाळला होता, असं त्यांच्या पत्नी हेमलताबाई अजून सांगत.

कोतवाल बसला त्या दिवशी अच्युतरावांनी त्याची परीक्षा घेतली ती वडिलांच्या घड्याळानं. वडील मिरज जंक्शनवर गार्ड होते. त्यांचं खिशातलं घड्याळ रात्रीच्या गाडीत दिसावं म्हणून आकड्यांना रेडियमचा रंग दिलेला. चमक कधीच गेली होती, रेडियम जागेवर होतं. खात्यातलं प्रमाणित वजन ठेवून तराजू तपासावा, तसं ते घड्याळ खिशात घालून अच्युतराव खांबांमधून गेले आणि कोतवालानं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ठणाणा केलं. कमिटीनं टाळ्या वाजवल्या. घड्याळ शिशाच्या पत्र्यात गुंडाळून कपाटात गेलं.

मग अच्युतरावांनी नियम केले. पहिला, कोतवाल एकदा वाजला की त्या माणसाला पुन्हा आत यायची संधी नाही. जिल्ह्याची गाडी येईल आणि त्याला मार्केट यार्डातल्या गोदामात तपासणीसाठी नेईल. "दुकानदार नेहमी म्हणतो, पुन्हा तोला साहेब. आणि दुसऱ्या खेपेला अंगठा दाबतो," असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम, दवाखान्यात किरणांचं औषध टोचून काही तपासणी झाली असेल तर चिटणिसांना कळवायचं. नाव सोसायटीच्या फोनगटात टाकलं जाईल, मग कोतवाल वाजला तरी गाडी नाही. लपवाछपवी नको.

दोन्ही नियम एकमतानं मंजूर झाले. दुसऱ्याच्या घरावर लागणारे नियम नेहमी एकमतानंच मंजूर होतात.

आणि मग केतकी यायची झाली.

केतकी ही अच्युतरावांची एकुलती लेक. ती आणि तिचा नवरा दोघंही जपानात नोकरीला, अपघात झाला तिथून बरंच लांब. तिला पाचवा महिना. जावई कामात अडकला होता, त्यानं तिला एकटीलाच माहेरी पाठवलं. तिकडच्या आणि मुंबईच्या दोन्ही विमानतळांवर तिची तपासणी झाली होती, दोन्हीकडं साफ. पण तिचं विमान परवाचं होतं. गर्दीमुळं ते अलीकडं ओढलं गेलं, सकाळी मुंबईहून तिचा फोन आला आणि ती आज भरदुपारी सांगलीत येऊन पोचली.

टॅक्सी फाटकाशी थांबली तेव्हा गच्च्या भरलेल्या होत्या. अध्यक्ष दादासाहेब बाबर खुर्ची टाकून फाटकात बसले होते. बाबर हळदीचे मोठे व्यापारी. फार वर्षांपूर्वी त्यांच्या काट्याखालून अच्युतरावांनी चुंबक काढलं होतं, आणि त्यानंतर दोघांत एक विचित्र आदराचं नातं जमलं होतं.

"काय अच्युतराव, छातीत धडधडतंय का?" बाबरांनी विचारलं.

"दोनदा तपासून आलीय. धडधडायचं काय कारण."

"तसं नव्हे. लेक येतीय म्हणून विचारलं."

वरून मगदूम वहिनींचा आवाज आला, "दादासाहेब, आमच्या घरात लहान लेकरं आहेत एवढं ध्यानात ठेवा. मागनं म्हणू नका सांगितलं नाही."

केतकी उतरली. डोळे सुजलेले, पाय सुजलेले, हातात जड बॅग. ती दोन खांबांच्या मधे आली. कोतवाल गप्प. अच्युतराव बॅग घ्यायला पुढं वाकले, आणि त्याच क्षणी हेमलताबाई पदर सावरत लगबगीनं आल्या. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. एवढ्या मोठ्या संकटातून सुटून आलेल्या लेकीवरून भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय तिला आत कशी घ्यायची? त्यांनी हात लांब करून केतकीवरून तुकडा ओवाळला, एकदा, दुसऱ्यांदा.

कोतवाल बोंबलला.

गच्च्यांवरची माणसं एकदम मागं सरली, आणि लगेच पुन्हा पुढं आली, कारण बघायचंही होतं. केतकी जागच्या जागी थिजली. तिनं आईकडं हात केला, जवळ जायला एक पाऊल टाकलं. हेमलताबाई चटकन मागं झाल्या. तांब्यातलं पाणी त्यांच्याच पायावर सांडलं.

"आई," केतकी म्हणाली, "तू पण?"

 हेमलताबाई वळल्या आणि जिन्याकडं निघून गेल्या.

"दोन्ही विमानतळांवर काही निघालं नाही," केतकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्या पोटात बाळ आहे. मी अशी तशी आले असते का?"

"पोरी, तुझं खरं असंल," बाबर उठून म्हणाले. "पण नियम तुझ्या वडलांनीच केलाय. पुन्हा संधी नाही."

"दादासाहेब, गाडीला फोन लावा," मगदूम वहिनी वरून म्हणाल्या. "चिवट्यांची लेक म्हणून काटा वेगळा नको."

अच्युतराव बॅग हातात घेऊन उभे होते. सगळी सोसायटी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. ते म्हणाले, "लावा."

केतकीनं वडिलांकडं पाहिलं. ती रडली नाही. त्यांच्या हातातली बॅग तिनं काढून घेतली आणि पुन्हा टॅक्सीत जाऊन बसली. काच वर केली.

गाडी पोचायला तासाभराचा अवधी होता. अच्युतराव वर गेले ते बायकोवर भडकूनच. आई म्हणवतेस आणि पोरीला अंगाला हात लावू देत नाहीस, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर होतं. पण ओठांवरचं बोलायच्या आधी मोजून बघायची सवय. त्यांनी फोन काढला.

कोतवालाच्या पोटात आणखी एक सोय होती, जी सोसायटीत कुणी उघडूनही पाहिली नव्हती. गल्लीत भाजीवाला आलाय की भंगारवाला, हे आपण खिडकीत न जाता नुसत्या आरोळीवरून ओळखतो. किरणोत्सर्गी पदार्थांचंही तसंच. प्रत्येकाच्या किरणांची ऊर्जा ठरलेली, म्हणजे प्रत्येकाची आरोळी वेगळी. यंत्र त्या आरोळ्या मोजून आलेख काढतं. ज्या ऊर्जेचे किरण जास्त, तिथं आलेखात टेकडी उभी राहते. अणुभट्टी फुटली की वाऱ्यावर येतं ते सीझियम, त्याची टेकडी आलेखात उजवीकडं, लांब. आजच्या भोंग्याच्या आलेखात उजवीकडं सपाट माळ होता. टेकडी होती ती डावीकडं, एकच, उंच आणि टोकदार.

अच्युतरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हे टेक्नेशियम. त्याचं आयुष्य एवढं थोडं, की दर सहा तासांना ते निम्मं होतं. जपानातून ते कुणाच्या अंगावरून सांगलीपर्यंत टिकून येणं शक्य नाही. ते दवाखान्यात तयार करतात आणि शिरेतून टोचतात. गरोदर बाईला कुणी ते टोचत नाही.

मग त्यांना काल संध्याकाळ आठवली. हेमलताबाई मिरजेहून आल्या त्या पुढच्या फाटकानं नव्हे, कचऱ्याची गाडी येते त्या मागच्या दारानं. आठवला तो चपलांना लागलेला ओला चिखल. आणि केतकीचं अंथरूण आपल्या खोलीत नको, पलीकडं घाला, हा सकाळचा हट्ट.

हेमलताबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"काल मिरजेला कुणाकडं गेली होतीस?"

"सांगितलं की. आक्काकडं."

"मागच्या दारानं आलीस. चपलांना चिखल होता."

"चपला बघितल्यात," त्या न वळता म्हणाल्या. "तोंड बघायचं राहिलं तुमचं."

अच्युतरावांनी फोन ओट्यावर ठेवला. "हे जपानचं नाही, हेमा. हे दवाखान्यातलं आहे."

हेमलताबाईंनी गॅस बंद केला. 

"डाव्या बाजूला गाठ आहे," त्या म्हणाल्या. "तुकडा काढून तपासला, तो वाईट निघाला. हाडात उतरलंय का बघायला काल ते औषध टोचलं आणि फोटो काढले. दोन दिवस गरोदर बाईला, लहान मुलाला जवळ घेऊ नका म्हणाले. उद्या दुपारपर्यंत. मला वाटलं, तिचं विमान परवा आहे, तोवर सगळं निघून जाईल. आणि ती आजच दारात उभी."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही नाव फोनगटात टाकलं असतंत. टाकलं असतंत की नाही? खरं सांगा."

अच्युतरावांनी खरंच विचार केला. "टाकलं असतं," ते म्हणाले.

"मग?" हेमलताबाईंनी आता वळून पाहिलं. "हात लांब ठेवूनच ओवाळलं हो मी. पोर कुठून, कशातून आली, तिला तशीच आत घेऊ? आणि ती म्हणती, तू पण." एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि चपला शोधू लागल्या. "जाते खाली. सांगते सगळ्यांना."

"आणि पुढं?"

"पुढं काय. उद्यापासून भाजीला गेले की बायका आधी माझ्या छातीकडं बघतील, मग तोंडाकडं. सोसंन. पण माझी पोर त्या गोदामात नको."

अच्युतराव दारात आडवे उभे राहिले. असे ते यापूर्वी फक्त एका गूळव्यापाऱ्याच्या दारात उभे राहिले होते.

"तू थांब," ते म्हणाले. "मी बघतो."

ते आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज झाला, पत्रा उलगडल्याचा आवाज झाला.

आता इथं अच्युतरावांची एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती चूक जगात फक्त तेच करू शकले असते. ज्या कामासाठी ते घड्याळ घेत होते, त्याला ते बंद असलेलं उत्तम. पण बंद घड्याळ, चुकीची वेळ दाखवणारं माप, त्यांच्यानं खिशात घालवेना. हातांनी आपोआप किल्ली दिली, भिंतीवरच्या घड्याळाशी काटे मिनिटाला मिनिट जुळवले, आणि मगच ते सदऱ्याच्या आतल्या खिशात गेलं.

खाली जिल्ह्याची गाडी कोपऱ्यावर वळताना दिसत होती. टॅक्सीची काच अजून वरच.

"दादासाहेब," अच्युतराव म्हणाले, "कोतवाल केतकीवर वाजला नाही. माझ्यावर वाजला."

"म्हणजे?"

"काल मिरजेत माझी हृदयाची तपासणी झाली. शिरेतून औषध दिलं. मी कळवलं नाही. मागच्या दारानं आत आलो." प्रत्येक वाक्य ते वजन ठेवावं तसं ठेवत होते. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मघाशी बॅग घ्यायला वाकलो, तेव्हा वाजला."

गच्च्यांवर कुजबुज झाली. मगदूम वहिनी कठड्यावरून अर्ध्या बाहेर आल्या. "लेकीसाठी बोलतायत ते. बापाचं काळीज आहे. दादासाहेब, त्यांना एकट्याला जाऊ दे त्यातनं. आम्ही बघतो."

बाबरांनी अच्युतरावांकडं पाहिलं. "जाता?"

अच्युतराव बाहेर रस्त्यावर गेले, वळले आणि खांबांमधून आत आले.

कोतवाल असा ओरडला की जिल्ह्याच्या गाडीतला माणूस उतरायचा थांबला.

भोंगा बंद करायचं बटण खांबावर, अच्युतरावांच्या खांद्यामागं. बाबर पुढं आले, त्यांच्या अंगावरून हात घालून बटण दाबलं. भोंगा थांबला. एवढ्या गोंगाटानंतरची शांतता फार स्वच्छ असते. त्या शांततेत, बाबरांच्या कानापासून वीतभर अंतरावर, अच्युतरावांचा सदरा टिकटिक करत होता.

बाबर हलले नाहीत. घड्याळाच्या त्या परीक्षेला टाळ्या वाजवणाऱ्यांत ते पहिले होते. त्यांनी खिशाकडं पाहिलं, मग अच्युतरावांच्या डोळ्यांत पाहिलं. अच्युतरावांनी नजर खाली घातली नाही, पण त्यांच्या कपाळावरून घामाचा एक थेंब नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि तिथं लोंबकळत राहिला. जिल्ह्याचा माणूस हातमोजे चढवत होता. बाबरांनी नजर उचलून अच्युतरावांच्या खिडकीकडं नेली. तिथं हेमलताबाई गजांना धरून उभ्या होत्या. बाबरांच्या पहिल्या बायकोनंही एकदा अशीच कुठलीतरी तपासणी मिरजेत करून घेतली होती, आणि तीही घरी उशिराच सांगितली होती.

बाबर मागं झाले आणि गच्च्यांकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "माझ्या काट्याखालचं चुंबक ज्यानं काढलं, त्या माणसाच्या मापात खोट निघायची नाही. अच्युतरावांनी नियम मोडलाय, त्यांचं नाव गटात टाका. पोरीचा दोष नाही. तिला एकटीला येऊ द्या." आणि मग अगदी हळू, फक्त एकाच माणसाला ऐकू जाईल असं, "ह्यापुढं किल्ली देऊ नका ओ."

अच्युतराव पार जिन्यापर्यंत मागं सरकले. केतकी टॅक्सीतून उतरली, खांबांमधून चालत आली. कोतवालानं तोंडातून ब्र काढला नाही. मगदूम वहिनी आधी आत गेल्या आणि थोड्या वेळानं ताकाचा तांब्या घेऊन जिन्यात आल्या, तो त्यांनी चिवट्यांच्या दारात ठेवला आणि परत गेल्या. जिल्ह्याची गाडी रिकामी फिरली.

घरात शिरल्यावर केतकी वडिलांच्या गळ्यात पडायला निघाली, तर ते टुणकन मागं उडाले. थाप मारली की ती निभवावी लागते, हे त्यांना नवीन होतं. शिवाय खिशात घड्याळ होतंच.

केतकी थांबली. तिनं मान तिरकी केली. लहानपणी त्याच घड्याळाला कान लावून ती झोपत असे.

"हे आजोबांचं," ती सावकाश म्हणाली. "बाबा, तुमची कसलीच तपासणी झालेली नाही. तुम्ही खोटं बोललात. कुणासाठी?"

अच्युतराव स्वयंपाकघराकडं बघत राहिले.

"माझ्यासाठी," हेमलताबाई दारातून म्हणाल्या. "बस, सांगते. तिथंच बस, खुर्चीत. जवळ येऊ नको."

त्यांनी सांगितलं.  केतकी दोनदा उठली आणि दोनदा आईनं हात दाखवून तिला खाली बसवलं. तोवर अच्युतरावांनी घड्याळ पुन्हा शिशात गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. किरण आतच राहिले, टिकटिक मात्र बाहेर येत होती. तिघं तीन भिंतींना टेकून ती ऐकत बसले.

"रिपोर्ट कधी?" केतकीनं विचारलं.

"सोमवारी."

"मी येणार."

"मीही," अच्युतराव म्हणाले. "पुढच्या दारानं जायचं."

हेमलताबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग लेकीकडं. "उद्या दुपारी बारापर्यंत दम काढ. मग घेते जवळ."

"बारा म्हणजे बराच वेळ आहे, आई."

अच्युतराव कपाटाशी गेले, कान लावला, आणि भिंतीकडं तोंड करून, लाल झालेल्या कानांनी म्हणाले, "ह्याचे अकरा वाजले की बारा धरा. हे घड्याळ तासभर मागं पडतं."